साम्राज्यकालीन रोमन बांधकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन वास्तुकला म्हणजे नेमका कुठला काळ?

इथे इ.स.पू. २७ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस सत्तेवर आला तिथपासून चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनपर्यंतचा काळ धरला आहे. कमानी आणि चुना-राखेचं बांधकाम रोममध्ये त्याआधीही होतं. पण अख्ख्या साम्राज्याचा पैसा, खाणी आणि जहाजं एका माणसाच्या हुकमाखाली आल्यावर जे बांधलं गेलं, ते वेगळ्याच मापाचं होतं.

‘विटांचं शहर हाती आलं, संगमरवरी करून सोडतो’ ही ऑगस्टसची बढाई सगळ्यांना ठाऊक असते. त्यातल्या विटा बहुतेक कच्च्या, उन्हात वाळवलेल्या होत्या. भाजलेल्या विटांचा खरा सुकाळ त्याच्यानंतर झाला. आणि संगमरवर मुख्यतः वरून चढवलेला होता, आत वेगळंच काही होतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत त्या ‘आत’बद्दलच बोलायचं आहे.

रोमनांनी ग्रीकांचीच नक्कल केली ना?

खांबांची केली. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन हे तिन्ही प्रकार ग्रीकांचे. पण ग्रीक देवळात खांब वजन पेलतो, त्यावर आडवा दगड, त्यावर छप्पर. आडव्या दगडाची मोठी अडचण अशी की तो वाकला की खालच्या बाजूने ताणला जातो, आणि दगडाला ताण सोसत नाही. म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात आणि मोकळी मोठी जागा मिळत नाही.

कोलोसियमच्या दर्शनी भागावर खालच्या मजल्याला डोरिक वळणाचे साधे अर्धखांब आहेत, मग आयोनिक, मग कोरिंथियन आणि सगळ्यात वर सपाट कोरिंथियन पट्ट्या. वजन मात्र त्यांच्या मागच्या जाड पायांवरून आणि कमानींवरून जातं. अर्धखांब तासून टाकले तरी कमानी जागच्या जागी उभ्या राहतील. ग्रीकांचा खांब रोमनांनी दागिना करून टाकला. पुढे जगाने रोमची जी नक्कल केली, ती प्रामुख्याने या दागिन्याची.

रोमन काँक्रीट आजच्यासारखंच होतं का?

नाव एक, काम वेगळं. आज सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिक्सरमध्ये कालवून पातळसर माल साच्यात ओततात. रोमन माल घट्ट असायचा, ओतता येत नसे. आधी चुन्याच्या मालाचा थर, त्यात मुठीएवढे किंवा त्याहून मोठे दगड आणि फुटक्या विटा हाताने रचायच्या, वरून पुन्हा माल आणि मग ठोकून दाबायचं. असे थरावर थर. म्हणजे आपल्या जुन्या डबराच्या भिंतीची ही बहीण, फक्त माल असामान्य.

त्या मालात वाळूच्या जागी ज्वालामुखीची राख होती. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून तिला पोझोलाना म्हणतात, आणि रोमच्या आसपासही तशी राख जमिनीतून खणून मिळते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं मऊच राहतो. राखेतली सिलिका आणि ॲल्युमिना मात्र चुन्याशी पाण्याच्या साक्षीने बांधल्या जातात, हवा लागत नाही. म्हणूनच सहा मीटर जाडीची भिंत आतपर्यंत धरली आणि पाण्याखालीही माल घट्ट झाला. यहुदियाच्या हेरोद राजाने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस सीझेरिया बंदर बांधलं, तेव्हा ही राख नेपल्सच्या उपसागरातून भूमध्य समुद्र ओलांडून आणली होती.

मिश्रणाचं प्रमाण काय होतं?

विट्रुव्हियस या रोमन स्थपतीने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. खाणीतली वाळू असेल तर ३ भाग वाळू आणि १ भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर २ भागांना १, आणि त्यात तिसरा हिस्सा कुटून चाळलेली खापरं घातली तर माल आणखी चांगला. पाण्यातल्या कामाला २ भाग पोझोलाना, १ भाग चुना.

त्याने परीक्षाही दिल्या आहेत, आणि त्या आजचा गवंडीही ओळखेल. वाळू मुठीत चोळली की करकर वाजली पाहिजे. पांढऱ्या कापडावर टाकून झटकली तर डाग राहता कामा नये. डाग राहिला म्हणजे माती आहे. गिलाव्याच्या चुन्यात कुदळीसारखं हत्यार मारून बघायचं: खडे लागले तर चुना नीट विरलेला नाही, पातं कोरडं निघालं तर चुना कमजोर, आणि सरसासारखा चिकटून आला तर बरोबर. नीट न विरलेला खडा भिंतीत गेला की नंतर ओल घेऊन फुगतो आणि गिलाव्याला फोड आणतो.

जुन्या कायद्यात ठेकेदाराला तीन वर्षांपेक्षा ताजा चुना वापरायला बंदी होती, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. रोममधल्या इमारती कोसळण्याचं मोठं कारण चुन्याची चोरी, हेही तोच सांगतो. प्रमाणातला चुना कमी घालायचा आणि दगड नुसतेच एकावर एक ठेवायचे. ठेकेदारीचा हा धंदा किती जुना आहे पाहा.

म्हणजे आपल्याकडची चुना-सुरखी हाच प्रकार?

तत्त्व तेच. भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्याशी तशीच क्रिया करते. राख जे काम करते तेच, थोडं कमी जोरात. रोमनांनीही जिथे राख नव्हती तिथे, आणि टाक्यांच्या व कालव्यांच्या आतल्या अस्तराला, कुटलेल्या खापरांचा चुना वापरला. तो लालसर दिसतो आणि पाणी झिरपू देत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर दिसणारी चुन्याची घाणी, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, हा मालच मळण्यासाठी होती. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकमेकांकडून शिकल्याचा दावा इथे नाही, चुन्याचा स्वभावच तसा आहे.

दोन हजार वर्षं टिकलं, मग आजच्यापेक्षा मजबूतच ना?

नाही. दाब सोसण्यात आजचं चांगलं काँक्रीट रोमन काँक्रीटपेक्षा बरंच पुढे आहे. रोमन माल टिकला त्याची कारणं वेगळी.

पहिलं, त्यात लोखंडी सळई नाही. आजच्या काँक्रीटचा शत्रू बहुधा सळईचा गंज असतो. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. दुसरं, रोमनांनी बांधकामाला असा आकार दिला की सगळं दाबाखाली राहावं: कमान, पिंपासारखं अर्धगोल छत, घुमट. आणि जाडी भरपूर ठेवली. तिसरं, मालात चुन्याचे बारीक पांढरे खडे राहिले आहेत. ते पूर्वी निष्काळजीपणाची खूण मानले जात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं मांडलं गेलं की चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, थेट राखेत मिसळून, गरम असतानाच पाणी घातलं जात असावं. मग भेग पडून पाणी आत शिरलं की हे खडे विरघळतात आणि तिथेच स्फटिक होऊन भेग भरते. प्रयोगात अर्धा मिलिमीटर भेग दोन आठवड्यांत बंद झाली. विट्रुव्हियस मात्र आधी विरवलेल्या चुन्याबद्दल लिहितो. गिलाव्याला एक रीत आणि भिंतीच्या पोटाला दुसरी, अशीही शक्यता आहे.

चौथं कारण सांगायला कोणी उत्सुक नसतं: जे पडलं ते आपल्याला दिसत नाही. भाड्याच्या उंच चाळी सारख्या कोसळायच्या, जळायच्या. ऑगस्टसने त्यांची उंची ७० रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे २०.७ मीटरवर आणली, नंतरच्या सम्राट ट्रेजनने ६० फुटांवर.

भिंतीत तर विटाच दिसतात. काँक्रीट कुठे आहे?

विटांच्या मागे. विटा म्हणजे दोन्ही बाजूंची कातडी, आणि साचाही त्याच. दोन पातळ पडद्या थोड्या उंचीपर्यंत चढवायच्या, मधे माल आणि डबर भरायचं, मग पुढची उंची. साधारण २० सेंटिमीटरच्या चौरस विटा कर्णावर कापून त्रिकोण करत. लांब बाजू बाहेर, टोक आत मालात रुतलेलं. त्यामुळे कातडी आणि पोट एकमेकांना धरून राहतं. मधूनमधून ५९ सेंटिमीटरच्या, म्हणजे दोन रोमन फुटांच्या मोठ्या विटांचा अख्खा थर आरपार जातो.

भग्नावशेष बघताना ही कातडीच वय सांगते. वेडेवाकडे दगड असतील तर बहुधा जुनं काम, इ.स.पू. दुसरं-पहिलं शतक. शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन असतील तर प्रजासत्ताकाचा शेवट आणि साम्राज्याची सुरुवात. नुसत्या विटांच्या ओळी असतील तर त्यानंतरचं. काही विटांवर भट्टीचे छाप आहेत, त्यांत कधी कधी त्या वर्षीच्या कॉन्सलची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं असतात. रोममधल्या घुमटाच्या देवळाचं, पँथिऑनचं, वय ठरवायला याच छापांचा मोठा उपयोग झाला.

कमान कशी उभी राहते, आणि कशी पडते?

पाचरीच्या आकाराचे दगड लाकडी सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या आधारावर, दोन्ही बाजूंनी सारखे चढवत आणायचे. एका बाजूने जास्त चढवले तर सेंटरिंग कलंडतं. मधला कळीचा दगड बसेपर्यंत ती कमान नसतेच, फळ्यांवर टेकलेले दगड असतात. बसल्यावर सेंटरिंग हळूहळू, पाचरी सैल करत उतरवायचं. एकदम काढलं तर सांधे धक्क्याने उघडतात. उतरवल्यावर कमान थोडी खाली बसणारच, तेवढं गृहीत धरायचं.

कमान वजन खाली नेते, पण बाहेरही रेटते. बाजूचा पाया किंवा भिंत हलकी असेल तर तो रेटा तिला बाहेर लोटतो, पाय फाकतात, माथा खाली येतो. म्हणून रांगेतल्या कमानी एकमेकींना टेकू देतात आणि खरी काळजी टोकाच्या कमानीची असते. कोलोसियम लंबवर्तुळाकार आहे. तिथे रांगेला टोकच नव्हतं. पुढे भूकंपात दक्षिणेकडचं बाहेरचं कडं गेलं आणि टोकं तयार झाली. एकोणिसाव्या शतकात तिथे विटांचे मोठे टेकू द्यावे लागले, ते आजही वेगळ्या रंगाने ओळखू येतात. त्यांतल्या पहिल्यात, १८०६-०७ च्या कामात, सरकलेले कमानीचे दगड अर्धवट घसरलेल्या अवस्थेतच विटांनी गच्च बुजवले आहेत. कमान पडताना कशी दिसते याचा इतका चांगला नमुना दुसरीकडे मिळणं कठीण.

पँथिऑनचा घुमट अजून उभा कसा?

आजचं पँथिऑन साधारण इ.स. ११३ ते १२५ दरम्यानचं, ट्रेजनच्या अखेरीपासून त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळातलं. दर्शनी भागावर नाव ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा याचं आहे, कारण त्याच जागी त्याने आधी बांधलेलं देऊळ जळालं आणि नव्यावर जुनंच नाव कोरलं गेलं.

आतला व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्याच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसेल. सळई नसलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. युक्ती एक नाही, चार-पाच आहेत.

वर जाताना दगड हलका होत जातो. पायात ट्रॅव्हर्टीन हा जड चुनखडीचा दगड आणि टफ हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड, मधे टफ आणि विटांचे तुकडे, माथ्याजवळ प्यूमिससारखा पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. वर जाताना जाडीही कमी होते: खाली सुमारे ६ मीटर, भोकाच्या कडेला दीड मीटरच्या आत. आतल्या बाजूला खोलगट चौकटींच्या ५ ओळी आहेत, प्रत्येकीत २८, एकूण १४०. त्यांनी थोडं वजन वाचतं. पण २८ ही संख्या खालच्या आठ मोठ्या कोनाड्यांशी जुळत नाही आणि वर्तुळाचे २८ सारखे भाग पाडणं सोपंही नाही, त्यामुळे ती मुद्दाम निवडलेली दिसते.

माथ्यावरचं भोक, रोमनांच्या भाषेत ‘डोळा’, जवळपास ९ मीटर रुंद. मधोमध वजनच नाही. भोकाच्या कडेचं विटांचं कडं चहूबाजूंनी दाबलं जाऊन कळीच्या दगडाचं काम करतं.

आणि बाहेरून पाहिलं तर खालच्या भागात पायऱ्यांसारखी कडी दिसतात. अर्धगोल घुमट माथ्यापासून साधारण ५० अंशांच्या खाली बाहेर फाकू पाहतो, तिथे आडवा ताण येतो. ही कडी म्हणजे त्या कमरेवर ठेवलेलं वजन. तरीही घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा गेल्याच आहेत. म्हणजे आज पँथिऑन खऱ्या अर्थाने अखंड कवच राहिलेलं नाही. कलिंगडाच्या फाकी एकमेकींना टेकून उभ्या राहाव्यात तशा कमानी वर्तुळात उभ्या आहेत आणि भोकाभोवतीचं विटांचं कडं त्यांना जोडतं. भेगा पडूनही उभं राहील असा आकार, हीच त्यातली खरी हुशारी.

हा घुमट आकाशातून पडला नाही हेही लक्षात ठेवावं. नेपल्सजवळ बाया इथे सुमारे २१.५ मीटरचा घुमट याच्या आधी उभा होता, नीरोच्या सोन्याच्या महालात अष्टकोनी दालनावर भोकासह घुमट होता. हेड्रियनला स्वतःला घुमटांचं वेड होतं. इतिहासकार कॅसियस डियो सांगतो की ट्रेजनचा स्थपती अपोलोडोरस तरुण हेड्रियनला एकदा म्हणाला, ‘जा, तुझे भोपळे काढत बस.’ तिवोलीच्या हेड्रियनच्या वाड्यात पाकळ्यांचे, खरोखर भोपळ्यासारखे घुमट आहेत.

भोकातून पाऊस आत येत नाही?

येतो. फरशी मधे किंचित उंच आहे आणि तिच्यात पाणी जायला बारीक छिद्रं आहेत. पाऊस असेल तर मधला भाग दोरी बांधून बंद करतात.

पुढचा खांबांचा मंडप मागच्या गोल भागाशी जुळत नाही असं का वाटतं?

कारण तो जुळत नाही. मागच्या ठोकळ्यावर मंडपाच्या त्रिकोणापेक्षा उंच दुसऱ्या त्रिकोणाची रेघ दिसते. अभ्यासकांचा तर्क असा की ५० रोमन फुटांचे खांब ठरले होते, मिळाले ४० फुटांचे, आणि मंडप खाली उतरवावा लागला. १६ खांब इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, प्रत्येकी एकसंध, ११.८ मीटर उंच, अंदाजे ६० टन. करड्या खांबांची खाण नाईलपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत वाळवंटात. तिथून ओढत नदीपर्यंत, नदीतून समुद्र, समुद्रातून टायबर. दहा फूट वाढवले की खांब नुसता उंच होत नाही, जाडही होतो, आणि वजन जवळपास दुप्पट. अख्ख्या साम्राज्याची ताकद मागे असूनही ठरलेला माल वेळेवर न आल्याने नकाशा बदलला असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

कोलोसियमच्या दगडांत एवढी भोकं कसली? गोळ्यांची?

नाही. बाहेरचे ट्रॅव्हर्टीनचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवून लोखंडी चापांनी जोडले होते आणि चाप शिशाने पक्के केले होते. मध्ययुगात लोखंड महाग झालं, तेव्हा लोकांनी सांध्यांवर खोदून चाप काढून नेले. म्हणून भोकं बहुतेक सांध्यांपाशीच दिसतात.

बाकीची मापं: १८९ बाय १५६ मीटर, बाहेरची भिंत सुमारे ४८ मीटर, तळमजल्यावर ८० कमानी. त्यांतल्या ७६ वर क्रमांक कोरलेले, प्रेक्षकाच्या बिल्ल्यावरच्या क्रमांकाशी जुळणारे. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने उद्घाटन केलं. जागा नीरोच्या तळ्याची होती, ते उपसून खाली सुमारे १२ मीटर काँक्रीटचा पाया भरला.

पाण्याचे कालवे पंपाशिवाय कसे चालायचे?

निव्वळ उतारावर. आजच्या फ्रान्समधल्या नीम शहराचा कालवा सुमारे ५० किलोमीटर लांब आणि उगमापासून शहरापर्यंत उतार जेमतेम १२.६ मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटिमीटर. त्याच कालव्याचा दरीवरचा तीनमजली पूल, पाँ द्यु गार, ४८.८ मीटर उंच. उतार मोजायला २० फुटी लाकडी बाक, त्याला ओळंबे, आणि वारा असेल तर वरच्या खाचेत पाणी.

उंच कमानी फोटोत येतात, पण कालव्याचा बहुतेक भाग जमिनीखाली असायचा. तिथे पाणी थंड राहतं आणि शत्रूलाही सापडत नाही. कमान हा नाइलाज.

खरं काम देखभालीचं. चुनखडीच्या भागातल्या पाण्याने आतून क्षाराचा थर चढतो आणि वाट अरुंद होते. इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाण्याचा अधिकारी झालेला फ्राँटिनस या सगळ्याची तक्रार लिहून ठेवतो. त्याच्या हाताखाली ७०० गुलामांची फौज, आणि तरी वाटेत शेतकरी कालव्याला भोकं पाडतात, शहरात पाणीवाले रस्त्याखालून चोरून नळ जोडतात. दुरुस्ती १ एप्रिल ते १ नोव्हेंबरच्या दरम्यान करावी, पण ऐन उन्हाच्या दिवसांत थांबावं, असं तो बजावतो. थंडीत माल गोठतो, कडक उन्हात घाईने सुकतो, दोन्हीकडे धरत नाही. इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पाने आणलेल्या व्हर्गो कालव्याची वाट पुन्हा पुन्हा दुरुस्त होत आजही ट्रेव्हीच्या कारंज्याला पाणी देते.

स्नानगृहाची जमीन गरम कशी करायचे?

विटांचे सुमारे दोन फुटी खुंट, त्यांवर दोन फुटी मोठ्या विटा, वर जाड फरसबंदी. बाहेरच्या भट्टीचा गरम धूर या पोकळीतून फिरून भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर जातो. खालचा तळ भट्टीकडे उतरता ठेवायचा. आत चेंडू टाकला तर तो घरंगळत भट्टीशी परत आला पाहिजे, ही विट्रुव्हियसची खूण. खुंटांच्या सांध्यांना केस मिसळलेली माती, कारण तिथे सतत ताप.

मग हे तंत्र विसरलं का गेलं?

नुसती कृती हरवली म्हणून नाही. इटलीत राख नंतरही वापरात होती. हरवलं ते गिऱ्हाईक. लाखोंचं शहर ओसरलं, दरबार दुसरीकडे गेला, हजारो माणसं, भट्ट्या, सेंटरिंगचं लाकूड आणि बोटी एका कामावर लावणारं कोणी उरलं नाही. उलट जुन्या इमारतींचा संगमरवर भट्टीत टाकून चुना करायला लागले. पँथिऑन वाचलं कारण ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं. तरी ६६३ मध्ये सम्राट कॉन्स्टन्सने छतावरचे कांस्याचे पत्रे नेले आणि सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातल्या पोपने मंडपाचं कांस्य. ‘रानटी टोळ्यांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं’ ही रोमची टिंगल तेव्हाची.

पाण्यात धरणारा माल पुन्हा नीट अभ्यासला गेला तो इंग्रज अभियंता स्मीटनने १७५६ पासून इंग्लंडमधल्या एडिस्टनच्या दीपगृहासाठी. त्यानेही इटलीहून पोझोलाना मागवलीच. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं.

नंतरच्या जगाने रोमकडून नक्की काय घेतलं?

अवकाश, म्हणजे आतली मोकळी मोठी जागा, घेणारे थोडे, बाहेरचा चेहरा घेणारे पुष्कळ.

कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) हागिया सोफिया चर्चने (५३२–५३७) अवकाश घेतला. सुमारे ३१ मीटरचा घुमट, तोही चौकोनी जागेवर, कोपऱ्यांतल्या वळत्या त्रिकोणांनी तोललेला. तिथे रोमन काँक्रीट नव्हतं, विटा आणि जाड चुना. पहिला घुमट फार उथळ होता, रेटा जास्त, आणि ५५८ मध्ये तो कोसळला. दुसरा जास्त उंच केला. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने १४२०–३६ मध्ये पँथिऑनशी बरोबरी करणारी रुंदी गाठली, पण विटांनी आणि जमिनीपासूनच्या सेंटरिंगशिवाय. न्यूयॉर्कच्या जुन्या पेन्सिल्व्हेनिया स्टेशनाचं (१९१०) मोठं दालन रोममधल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहावर बेतलं होतं. आत पोलादी सांगाडा होता. ते १९६३ पासून पाडलं.

चेहरा घेणाऱ्यांत न्यायालयं, बँका, संसदा सगळ्या आल्या. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने व्हर्जिनियाच्या विधानभवनाला नीमच्या मेझाँ कारे या रोमन देवळाचं रूप दिलं आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पँथिऑनचं, निम्म्या मापात. ते वाईट नाही, पण त्यात पँथिऑनची जाडी नाही, त्यामुळे दबदबाही नाही.

विजापूरचा गोलघुमट रोमन घराण्यातला का?

नाही. १६५६ चा हा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर, आतून सुमारे ३८. आठ कमानी एकमेकींना छेदत जाऊन चौकोनाचा गोल करतात आणि त्यांचं आत झुकणारं वजन घुमटाचा बाहेरचा रेटा अडवतं. पँथिऑनने जे काम जाड भिंतीवर सोपवलं ते इथे भूमितीने केलं. घराणं दख्खनी-इस्लामी, अडचण मात्र सारखीच.

मुंबई-गोव्यात रोमन वळण कुठे बघता येईल?

जुन्या गोव्यात सगळ्यात सरळ. बॉम जेझू चर्चच्या (१६०५) दर्शनी भागावर मजल्यागणिक बदलत जाणारे स्तंभप्रकार दिसतात. ही कल्पना कोलोसियमची, पोर्तुगालमार्गे आलेली. भिंत जांभ्याची आणि कोरीव पट्ट्या वसईहून आणलेल्या काळ्या दगडाच्या. जवळचं सेंट कॅजेटन चर्च इटालियन थिएटाइन पाद्र्यांनी रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलं. व्हाइसरॉयची कमान म्हणजे विजयकमानीची दूरची नात, पडल्यावर १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली.

मुंबईच्या टाउन हॉलला (१८३३) लोक रोमन म्हणतात, पण त्याचे डोरिक खांब ग्रीक वळणाचे आहेत. गेटवे ऑफ इंडिया (१९२४) कल्पनेने विजयकमान, नक्षीने गुजराती, आणि अंगाने पिवळसर बेसॉल्ट व सळईचं काँक्रीट.

रोमला एकच दिवस आहे. बांधकाम समजून घ्यायचं तर काय बघू?

सकाळी फोरमजवळची मॅक्सेंटियसची बॅसिलिका. तिच्या एका बाजूची तीन अवाढव्य अर्धगोल छतंच उरली आहेत. संगमरवर गेला, गिलावा गेला, त्यामुळे आतलं पोट उघडं आहे. तुटलेल्या कडेकडे बघा, हाताने रचलेल्या दगडांचे थर मोजता येतात. मग कोलोसियमच्या आतल्या जिन्यांखाली मान वर करा. काही छतांवर सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे अजून आहेत. दुपारी, सूर्य वर असताना, पँथिऑन. उजेडाचा गोल जमिनीवर येतो ती वेळ. आता तिकीट लागतं, आधी काढून ठेवा. आत मधोमध न थांबता एका कोनाड्याजवळ जा आणि भिंत किती खोल आहे ते डोळ्यांनी मोजा. बाहेर पडल्यावर इमारतीला मागून वळसा घाला. तिथे विटांच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी दिसतील. त्या खिडक्या नाहीत, आतल्या पोकळ्यांवरचं वजन बाजूला वळवण्यासाठी भिंतीच्या पोटात घातलेल्या कमानी आहेत.